कधी करायचं नाही, ते आधी

शकूताई सकाळी ऑफिसात शिरल्या की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "दमले बाई." नमस्कार नाही, काही नाही. पर्स टेबलावर टाकायची, चपला काढायच्या, टेबलाखाली उपडा घातलेला बेदाण्याचा रिकामा खोका पायानं पुढे ओढायचा, त्यावर दोन्ही पाय ठेवायचे आणि हे वाक्य म्हणायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, जिना चढून दमल्या असतील. पण आमचं ऑफिस तळमजल्यावर होतं.

सांगलीत विश्रामबागेकडे आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. तासगाव, सांगली, कवठे महांकाळ या पट्ट्यातली अडत दुकानं आणि बेदाणा ठेवायची कोल्ड स्टोरेजेस आमचं सॉफ्टवेअर वापरतात. शेतकरी बेदाणा आणतो, तो कोल्डमध्ये राहतो, सौद्याला बोली लागते, अडत्या शेतकऱ्याचा होकार घेतो, मग माल व्यापाऱ्याकडे जातो. एवढ्या सगळ्याची नोंद आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. मी कुंडलची, तिथं प्रोग्रॅम लिहिते. शकूताई फोनवर बसायच्या. दुकानातल्या कुणाचं काही अडलं की तो त्यांना फोन करायचा, आणि दरवर्षी हंगामात त्या स्वतःही दुकानांतून चक्कर मारून यायच्या. त्यांचं खरं पद काय होतं ते मला कधी कळलं नाही. सगळ्या पट्ट्यात त्या 'ताई' होत्या आणि तेवढ्यानं भागायचं.

त्या मूळच्या कोरेगावच्या, साताऱ्याकडच्या. लग्न होऊन सांगलीला आल्या. बी.कॉम. झालेल्या, वाचणाऱ्या बाई. ऑफिसात आमच्याशी बोलताना आमच्यासारखं बोलायच्या, फोनवर मात्र थेट गावाकडचं. माझ्यावर चिडल्या की एकदम पुस्तकी मराठीत शिरायच्या. "तू हे जे काही केले आहेस, त्याला काय म्हणावे?" असं ऐकू आलं की मी खुर्ची मागे सरकवायची.

फोनवरची त्यांची पद्धत कधी बदलली नाही. पलीकडचा माणूस काहीही म्हणो, त्या आधी एकच सांगायच्या, "समोर काय दिसतंय त्ये वाचा." बरीच भांडणं या वाक्यावर व्हायची, कारण वाचायचं सोडून लोकांना काय झालं असावं ते सांगायचं असायचं. एकदा तासगावच्या एका दुकानातला दिवाणजी ओरडत होता, की कंप्युटर बंद पडलाय.

"समोर काय दिसतंय त्ये वाचा."

"कायबी न्हाई दिसत, ताई."

"कायबी न्हाई म्हंजे काळं दिसतंय का पांढरं?"

"लाल दिसतंय. चौकडा हाय."

"चौकडा?"

"टावेल हाय वर टाकलेला. धूळ बसती म्हणून."

"मग त्यो काढा," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवून आमच्याकडे न बघता गार चहा प्यायल्या. चहा त्या नेहमी गार होऊ द्यायच्या आणि मग चहाला नावं ठेवायच्या.

ऑफिसभर त्यांनी चिकटवलेल्या पाट्या होत्या. पंख्याच्या बटणाशेजारी लिहिलेलं, "हे पंख्याचं. शेजारचं पाण्याच्या मोटारीचं. मोटारीचं बटण पंख्याचं समजून दाबू नये. दाबलंच तर सांगावं." इन्व्हर्टरवर होतं, "लाईट गेल्यावर याला हात लावू नये. लाईट असतानाही लावू नये." फ्रीजवर होतं, "आतला डबा उघडण्यापूर्वी तो आपला आहे का ते पाहावं. नसल्यास फ्रीज बंद करावा." नवीन आलेली मुलं हसायची. पण मोटारीचं बटण चुकून दाबलं गेलं असं माझ्या देखत तरी कधी झालं नाही.

कुठलीही वस्तू कशासाठी आहे हे सांगण्याआधी ती कशासाठी नाही हे त्या सांगायच्या. "कधी करायचं नाही, ते आधी," असं त्यांचं पालुपद होतं. एकदा त्यांनी मला जेवायला बोलावलं, तेव्हा पत्ता सांगतानाही हेच. "मारुतीचं देऊळ लागेल. तिथं वळायचं नाही. सगळे तिथं वळतात." मी वळले नाही म्हणून पोचले.

घरी त्या एकट्याच होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्यात. टीव्ही चालू होता, पण आवाज बंद. मी बघतेय हे पाहून म्हणाल्या, "आवाजाचा त्रास होतो. पण कुणीतरी हलताना दिसावं लागतं." मग भाकरी थापता थापता, माझ्याकडे पाठ करून त्या म्हणाल्या, "ऑफिसात दमते म्हणते ना मी, ते बरं असतं. घरी दमत नाही, नुसती बसते. ही नोकरी सुटली तर मी काय करीन, याची मला फार भीती वाटते गं." असं सरळ बोलायची त्यांची पद्धत नव्हती. मी भाकरी घेतली.

त्यानंतर काही महिन्यांनी रणजित सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, सगळ्यांना बोलावून सांगितलं, की आता आपल्या सॉफ्टवेअरमध्ये एआयचा मदतनीस येणार. दुकानदार मोबाईलवर नुसतं मराठीत बोलेल, 'पाटलांचा माल दाखव', 'हा सौदा नोंदव', आणि तो मदतनीस आपणहून सॉफ्टवेअरमधली कामं करेल. पुण्याच्या कंपन्यांनी हे आणलंय, आपण नाही आणलं तर गिऱ्हाइकं जातील. सर ओरडणाऱ्यातले नव्हते. तेही थकलेलेच दिसत होते.

काम असं होतं. सॉफ्टवेअर जी जी कामं करतं, त्यातलं प्रत्येक मदतनिसाच्या हाती एकेक टूल म्हणून द्यायचं. माल हलवणे, माल सोडणे, सौदा नोंदवणे, शेतकऱ्याला कळवणे. कुठलं टूल कधी उचलायचं हे मशीन ठरवतं, पण ते ठरवायला त्याच्याकडे प्रत्येक टूलचं आपण लिहिलेलं वर्णन सोडून दुसरं काहीच नसतं. ती वर्णनं पहिल्यांदा मी लिहिली होती. 'मालाची नोंद बदलते.' 'मालाची स्थिती अद्ययावत करते.' मला ती पुरेशी वाटत होती.

चाचणीत आम्ही मशीनला म्हणालो, "कुंभारांचा माल वरच्या खोलीत ठेव." त्यानं कुंभारांचा सगळा माल कोल्डबाहेर सोडून दिला. सगळं खोटं खोटं होतं, नुकसान काही नाही. पण सरांचा चेहरा उतरला. मी लिहिलेली दोन्ही वर्णनं त्यांनी मोठ्यानं वाचली आणि ताईंच्या टेबलाकडे गेले.

"ताई, हे तुम्ही लिहा. फोनवर सांगता तसं."

"फोनवर पलीकडं माणूस असतो हो."

"असं समजा, की नवीन माणूस लागलाय कामाला. हुशार आहे. पण आजच आलाय."

ताईंनी चष्मा काढून पुसला. "आणि हे सगळं झाल्यावर फोन कुणाला येणार?"

सर खिशातला मोबाईल काढून बघू लागले. "फोन कमी होतील, ताई."

"कमी म्हणजे?"

"बघू आपण."

ताईंना कळलं. मलाही कळलं. त्यांनी खोका पायानं जरा जवळ ओढला आणि म्हणाल्या, "आण ते इकडं."

माझी वर्णनं त्यांनी वाचली आणि शुद्ध मराठीत विचारलं, "या दोन वाक्यांत फरक कोणता आहे, ते मला समजावून सांगशील का?" मला सांगता आलं नाही. मग त्यांनी लिहिलेलं 'माल सोडणे'चं वर्णन मला अजून पाठ आहे. "कोल्डमधला माल गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचा असेल तेव्हाच हे वापरा. हे केल्यावर माल दाराबाहेर गेला असं धरलं जातं. माल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचा असेल तर हे वापरू नका, त्यासाठी 'माल हलवणे' आहे. कोणाचा माल, कोणती खोली, किती पेट्या, यातलं काही माहीत नसेल तर विचारा. अंदाजानं भरू नका." हे दिल्यावर कुंभारांचा माल वरच्या खोलीत गेला. सर हसले. ताई हसल्या नाहीत, त्या पुढच्या टूलकडे वळल्या होत्या.

त्यांना सगळं पहिल्या फटक्यात जमलं असं मात्र नाही. 'सौदा नोंदवणे' लिहायला बसल्या आणि वाहवतच गेल्या. ताटात बेदाणा ओततात कसा, बोली कोण बोलतं, चहा कधी येतो, सगळं आलं. त्यातच एक ओळ होती, की काही दुकानं अमावस्येला सौदा करत नाहीत. ते मशीननं मनावर घेतलं. आम्ही कुठलाही सौदा सांगितला की ते अदबीनं विचारायचं, "आज अमावस्या आहे का?" मी ही गंमत ताईंना सांगितली तर त्यांना अजिबात गंमत वाटली नाही. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी "दमले बाई" झाल्यावर त्यांनी ते पानभर वर्णन खोडून चार ओळींवर आणलं आणि म्हणाल्या, "जास्त झालं होतं. मला गप्पा मारायची सवय लागलीय."

मग त्यांनी एक पद्धत काढली. मला समोर बसवायच्या आणि म्हणायच्या, "आता तू मशीन. तू कुंडलची नाहीस. तुला कुठलं गाव माहीत नाही, कुणी माणूस माहीत नाही. हा कागद वाच आणि मी सांगते ते काम कर." मी काही माझ्या मनचं केलं की बोट उचलायच्या. "हे तुला कुणी सांगितलं? कागदात दाखव." कागदात नसेल तर त्या ओळ घालायच्या. हे तासन्‌तास चालायचं. मी कंटाळायचे, त्याही कंटाळायच्या, पण थांबायच्या नाहीत. एकदा मी न राहवून म्हणाले, "ताई, तुम्ही इतकं चांगलं लिहिताय, म्हणजे तुमचंच..."

"माहीत आहे गं," त्या म्हणाल्या. "माझ्या जागेवर येणाऱ्याला मीच शिकवतेय. मग वाईट शिकवू का?"

हंगामाच्या तोंडावर तासगावच्या एका अडत दुकानात मदतनीस चालू करून बघायचं ठरलं. दुकानदार आण्णा, ताईंचे जुने गिऱ्हाईक. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. शेतकऱ्याचा होकार आल्याशिवाय ते सौदा पक्का करत नसत, बोली कितीही चढलेली असो. त्यांनी होकार घ्यायचं काम आता मशीनकडे दिलं. त्या टूलचं वर्णन ताईंनीच लिहिलं होतं. बोली शेतकऱ्याला कळवा, त्याचा होकार येईपर्यंत सौदा पक्का करू नका, उत्तर आलं नाही तर तो होकार धरू नका. मी मशीन होऊन दहा वेळा वाचलं होतं. मला त्यात खोट सापडली नव्हती.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. आम्ही दोघी बघायला म्हणून एसटीनं तासगावला गेलो, त्या दिवशी दुपारी एक म्हातारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. डोईवर पदर, हातात कापडी पिशवी. कवठे महांकाळच्या पलीकडच्या गावाहून दोन गाड्या बदलून आली होती. तिचं नाव हौसाबाई.

"आण्णा, माजा माल कुणी दिला?" तिनं विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही.

आण्णा मोबाईल बघत उठले. "संतोषनं व्हय म्हणलं की, मावशे. ह्ये बघ, अंगठा पाठवलाय त्यानं."

"त्याला काय ठावं? त्यो तिकडं बर्फात. तुमी इचारलं, त्यानं अंगठा दिला. मी सांगलीच्या शेटला सबुद दिला हुता ह्या मालाचा. आता मी त्येंच्या म्होरं कशी हुबी ऱ्हाऊ?"

झालं होतं ते एवढंच. संतोष तिचा मुलगा, फौजेत. जमीन त्याच्या नावावर, म्हणून दुकानातलं खातं त्याच्या नावावर आणि फोन नंबरही त्याचाच. पण त्या खात्याचं काहीही असलं की आण्णा संतोषला कधी विचारत नसत. "हौसामावशीला लाव," म्हणत, आणि दिवाणजी शेजाऱ्यांच्या नंबरवर म्हातारीला बोलावून घेई. आमच्याकडे हे घरोघर आहे. पोरगा सीमेवर, जमीन पोराच्या नावावर आणि शब्द आईचा. मशीननं खात्यावरच्या नंबरला विचारलं. संतोषला जेव्हा कधी रेंज मिळाली तेव्हा त्यानं दुकानचा निरोप बघितला आणि भल्या मनानं अंगठा पाठवून दिला.

ताई उठल्या. दमल्याचं काही बोलल्या नाहीत. पायरीवर म्हातारीशेजारी जाऊन बसल्या.

"मावशी, चूक माजी हाय. कुणाला इचारायचं त्ये मी लिवलं, त्यात तुमचं राहिलं."

हौसाबाईनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "तू त्या कंप्युटरची ताई न्हवं? दरसाली येतीस की हितं."

"व्हय."

"मग तुला ठावं हुतं की."

"व्हय," ताई म्हणाल्या. "ठावं हुतं."

म्हातारीनं पाणी मागितलं, ते ताईंनी दिलं. आण्णांनी तेवढ्यात ज्या व्यापाऱ्याच्या नावावर सौदा पक्का झाला होता त्याला फोन लावला. माल अजून कोल्डमधून हलला नव्हता. तो बराच कुरकुरला, पण आण्णांचं नाव होतं म्हणून त्यानं सौदा सोडला. हौसाबाईचा शब्द राहिला. जाताना तिनं पिशवीतून मूठभर बेदाणे काढून ताईंच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "खा. तोंड लय सुकलंय तुजं."

परतीच्या गाडीत ताई ते बेदाणे मुठीत धरून बसल्या होत्या, खाल्ले नाहीत. कवलापूर मागे पडल्यावर म्हणाल्या, "जे मला माहीत नव्हतं, ते सगळं मी विचारून विचारून लिहिलं. 'हौसामावशीला लाव' हे मी त्या दुकानात इतक्यांदा ऐकलंय, की ते लिहायची गोष्ट आहे असं वाटलंच नाही." मी म्हटलं, तुम्हाला एकटीला कसं आठवणार, आण्णांनाही आठवलं नाही. त्यांनी मान हलवली. "आण्णांनी लिहिलेलं नाही ते. मी लिहिलंय."

रणजित सर म्हणाले, नवीन यंत्र आहे, अशा एकदोन चुका होणार, लोक सांभाळून घेतात. ताई त्यांच्याशी भांडल्या नाहीत, भांडायला त्यांच्यात जोर उरलेला दिसत नव्हता. फक्त म्हणाल्या, "प्रत्येक खात्याला एक नवी जागा हवी. खातं कुणाच्याही नावावर असो, विचारायचं कुणाला. ती जागा भरल्याशिवाय होकाराचं टूल चालू करायचं नाही." सर म्हणाले, हंगाम येऊन ठेपलाय, ती जागा भरणार कोण. ताई म्हणाल्या, "कोण भरणार? मीच."

आणि त्या हिंडल्या. दुकानादुकानात जाऊन, रिकाम्या खोक्यावर बसून, दिवाणजीला एकेक नाव वाचायला लावून. उन्हाचे दिवस होते. पाय सुजायचे म्हणून चपला सैल करून चालायच्या. मी जमेल तेव्हा बरोबर जायचे. काय काय निघालं. कित्येक खाती वारलेल्या माणसांच्या नावावर होती आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. एका खात्यावर दोघा भावांचा माल होता, त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं, तेव्हा दोघांना वेगवेगळं विचारायचं, पण थोरल्याला आधी. एका घरी सासऱ्याचा शब्द चाले, पण विचारायचं सुनेला, कारण त्याला ऐकू येत नसे आणि सून तंतोतंत निरोप देई. ताई हे सगळं ऐकून मला सांगायच्या आणि मी भरायचे. "दिवाणजी काय सांगतोय तेच घाल," म्हणायच्या. "तुला काय वाटतं ते नको."

आण्णांच्या दुकानात पुन्हा गेलो तेव्हा मशीननं हौसाबाईच्या शेजाऱ्यांना फोन लावला. म्हातारीनं फोन घेतला, तिच्या नव्या मालाला लागलेली बोली ऐकली आणि म्हणाली, "न्हाई." सौदा थांबला. ताई बाहेर पायरीवर बसून ऐकत होत्या. त्या पहिल्यांदा जराशा हसल्या.

एकच टूल उरलं होतं, माणसाला विचारणे. मशीनला काही समजेना, दोन गोष्टी जुळेनात, कोण खरं बोलतंय ते ठरेना, तर त्यानं स्वतः काही न करता माणसाकडे द्यायचं. हे टूल असावं हा आग्रह ताईंचाच. पण माणूस म्हणजे कोण, ते वर्णनात लिहायला हवं होतं. नाव, नंबर. सरांनी ते ताईंवर सोडलं होतं. कदाचित मुद्दाम सोडलं असेल. ते तसे वाईट नव्हते.

मी ताईंच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "ताई, इथं तुमचा नंबर घाला."

त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

"सर नाही म्हणणार नाहीत. सगळ्या दुकानांना तुम्ही माहीत आहात. तुमचा नंबर असला की तुम्ही राहाल." मला त्या जायला नको होत्या, आणि घरात आवाज बंद करून ठेवलेला तो टीव्ही माझ्या डोळ्यांपुढे होता.

ताईंनी चहाचा कप उचलला, गार झालेला बघून परत ठेवला. "आण्णांच्या दुकानात मशीन अडलं, तर उत्तर कुणाला माहीत असणार? मला की आण्णांना?"

"आण्णांना. पण तुम्ही त्यांना विचारून..."

"म्हणजे मशीन मला विचारणार, मी आण्णांना विचारणार, आणि तोवर म्हातारी पायरीवर बसून राहणार." त्यांनी चष्मा काढला. डोळे लाल झाले होते. "मला राहायचंय गं. तुला काय वाटतं, मला राहायचं नाही? पण माझी तिथं गरज नाही आणि मी गरज आहे असं लिहू? पाटीवर असं लिहिलं असतं का मी कधी?"

आणि त्यांनी लिहिलं, "ज्या दुकानाचा माल, त्या दुकानाच्या मालकाला विचारा. त्याला थेट फोन लावा. मधे कुणाला घालू नका." मला समोर बसवलं, मशीन केलं आणि वाचायला लावलं. मी वाचलं. मला त्यात खोट काढता आली नाही.

हंगाम सुरू झाला. फोन कमी झाले, आणि मग इतके कमी झाले, की ताई दिवसदिवस खोक्यावर पाय ठेवून नुसत्या बसायच्या. आता त्या सकाळी आल्या की "दमले बाई" म्हणत नसत. ते न ऐकता कामाला सुरुवात करायची आम्हाला सवय नव्हती. पावसाळ्याच्या आधी सरांनी त्यांना शाल दिली, नारळ दिला. सरांनी भाषण सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. ताई म्हणाल्या, "असू दे." खोका नेता का म्हणून विचारलं, तर नको म्हणाल्या. पाट्या सगळ्या तशाच आहेत.

मी अधूनमधून फोन करायचे. बरी आहे म्हणायच्या, आणि मग माझं काय चाललंय ते विचारायच्या. मुलानं पुण्याला बोलावलं होतं, गेल्या, आठवड्यात परत आल्या. भेटायला ये म्हणायच्या. मला जमलं नाही. हंगामात खरंच जमत नाही.

परवा मला दुपारी तासगावला जायचं होतं. सांगलीच्या स्टँडवर विट्याची गाडी लागली होती, ती तासगाववरून जाते, तिच्यात खिडकीशी बसले. बाहेर फलाटावर एक फेटेवाला म्हातारा पिशवी घेऊन गाडीच्या दाराशी घुटमळत होता आणि त्याच्याशेजारी शकूताई उभ्या होत्या. चपला सैल, पदर खोचलेला. वाळल्या होत्या.

"आवं, ह्या गाडीत बसू नका," त्या त्याला सांगत होत्या. "ही कुंडलला जात न्हाई. सगळी हिच्यातच बसत्यात आन तासगावला उतरत्यात. तुमी पलूसच्या गाडीत बसायचं. ती पलीकडं लागंल. लागली का मी सांगते." म्हातारा मान हलवत मागे सरला. मला वाटलं, त्याही कुठेतरी निघाल्या असतील, कोरेगावला असेल. पण हातात पिशवी नव्हती.

कंडक्टर तिकिटं काढत माझ्याशी आला. मी खिडकीतून बोट दाखवून विचारलं, "त्या बाई कुठल्या गाडीनं जातात हो?"

"त्या व्हय? कुठल्याच न्हाई. दुपारच्या हितंच असत्यात," तो म्हणाला. "रोज येत्यात. लोकास्नी गाड्या सांगत्यात. लय बरं पडतं आमाला. कुठलं देऊ?"

मी तासगाव म्हणाले. खिडकीची काच सरकवायला गेले, ती अडकली होती. गाडी मागे सरकायला लागली. हाक मारली, पण इंजिनाच्या आवाजात ती पोचली नसावी. ताई दुसरीकडे वळल्या होत्या. कडेवर पोर घेतलेली एक बाई गोंधळून इकडेतिकडे बघत होती, आणि ताई समोरच्या गाडीच्या पाटीकडे बोट करून तिला ती वाचायला लावत होत्या.